सोडलेला श्वास जातो कुठे?

मागच्या अंकात मी या पानावर एवढंच लिहिलं होतं, की मे महिन्यात एसी लावून, खिडक्यांच्या फटी बुजवून चार-चार जण एका खोलीत झोपतात, तेव्हा सकाळी जीव कोंडल्यासारखा होण्यात आपल्याच सोडलेल्या श्वासाचा वाटा असतो. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली, की हे अख्खं पान त्यांनाच देते आहे. छातीच्या रोगांची डॉक्टर म्हणून नागपुरात चौतीस वर्षं काढली, पण कार्बन डायऑक्साइडबद्दल एवढे प्रश्न कधी कोणी विचारले नव्हते. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : डॉक्टरताई, तुमचं वाचून घाबरले. आमच्या फ्लॅटमध्ये एसी एकाच खोलीत आहे. एप्रिल ते जून आम्ही दोघं, मुलगी आणि नीटचा अभ्यास करणारा मुलगा, सगळे तिथेच झोपतो. थंडावा जाऊ नये म्हणून ह्यांनी खिडकीला टेप लावली आहे. मुलगा उठला की डोकं जड झालं म्हणतो. हा वायू विषारी आहे का? त्याच्या मेंदूवर परिणाम होईल का? (मनीषनगर)

उत्तर : घाबरू नका, पण ती टेप आजच काढा.

हा वायू आपण जन्मभर अंगात वागवतो. सोडलेल्या श्वासात तो जवळजवळ चार टक्के असतो, आणि बाहेरच्या मोकळ्या हवेत ०.०४ टक्क्यांच्या जरा वर. सुमारे शंभरपट फरक. दहा लाख भाग हवेत किती भाग, या मापाला पीपीएम म्हणतात. त्या मापात बाहेर सुमारे ४२५ आणि नाकातोंडातून निघताना चाळीस हजार.

आता तुमच्या खोलीचा हिशेब मांडू. दहा बाय बारा फुटांची खोली, छत दहा फुटांवर धरलं तर आत साधारण ३४ हजार लिटर हवा मावते. झोपलेला मोठा माणूस तासाला बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुमचे चौघांचे मिळून पंचेचाळीस लिटर धरा. खोली पक्की बंद असेल, तर दर तासाला तेराशे पीपीएमची भर पडते. आपल्याकडची दारं-खिडक्या इतकी नीट बसत नाहीत म्हणून आकडा अडीच-तीन हजारांच्या आसपास थबकतो. तुमच्या टेपनं नेमकी तीच सोय बंद केली.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. गच्चीवरच्या डब्यातून बाहेर जाते ती उष्णता. आपल्या नागपुरी कूलरची रीत वेगळी. तो खिडकीबाहेर बसतो, ताट्यांतून बाहेरची हवा ओढतो, ओली करून आत ढकलतो, आणि ती हवा निघून जायला समोरचं दार उघडं ठेवलं नाही तर गारवाच येत नाही. खसच्या ताट्यांचा वास घेत ज्यांनी उन्हाळे काढले, त्यांना खेळती हवा न मागता मिळत होती. (कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा, हे जाता जाता. दर उन्हाळ्यात शॉकनं माणसं जातात.)

माझ्या भाच्यानं मला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणून दिलं आहे. गेल्या मे महिन्यात बहीण तिच्या दोन मुलांना घेऊन आली, तेव्हा आम्ही चौघं एसीच्या खोलीत झोपलो. रात्री दहाला यंत्र ६२० दाखवत होतं. पहाटे पाचला मुद्दाम उठून पाहिलं तर ३१००. खिडकी उघडली आणि वीस मिनिटांत आकडा ८०० च्या खाली आला. दुसऱ्या रात्री कूलर लावून दार उघडं ठेवलं. पहाटे ४८०. तेव्हापासून माझ्याकडे एसी सुरू असला तरी दार चार बोटं उघडं आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असतो. बिल थोडं वाढतं, ते मी भरते.

३१०० नं काय बिघडतं? कारखान्यांमध्ये आठ तासांच्या पाळीसाठी अनेक देशांनी ५००० ही मर्यादा धरली आहे, आणि पाणबुड्यांतले नौसैनिक तर आठवडेच्या आठवडे हजारोंच्या आकड्यांत काढतात. मेंदू खराब होईल ही धास्ती सोडा. २०१२ साली अमेरिकेतल्या बर्कलेच्या प्रयोगशाळेनं २२ जणांना ६००, १००० आणि २५०० पीपीएमच्या हवेत बसवून निर्णय घ्यायच्या चाचण्या दिल्या. २५०० ला गुण चांगलेच घसरले. पुढे पाणबुडीवरच्या लोकांवर तशाच चाचण्या झाल्या, तेव्हा मात्र तसं काही दिसलं नाही. म्हणून तुमच्या मुलाचे गुण मी या वायूच्या खात्यावर टाकणार नाही.

माझी काळजी वेगळी आहे, आणि ती छातीच्या डॉक्टरची आहे. खोलीत वाढलेला कार्बन डायऑक्साइड हा दुसऱ्याच्या छातीतून निघालेल्या हवेचा पुरावा असतो. ३१०० पीपीएमच्या खोलीत तुम्ही चौदा श्वास घेतलेत, तर त्यातल्या एका श्वासाइतकी हवा आधीच कोणाच्या तरी फुफ्फुसांतून जाऊन आलेली असते. घरात एखाद्याला टीबी असेल, फ्लू असेल, तर तोही त्याच हवेतून वाटला जातो. म्युनिकच्या पेटेनकोफर या शास्त्रज्ञानं १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की खोलीतला आकडा हजाराच्या वर गेला, तर ती हवा राहण्याजोगी समजू नये. त्यालाही हा वायू विष वाटत नव्हता. त्यावरून त्यानं कोंदटपणा मोजला. मुलगा ज्या क्लासला जातो तिथला हॉलही एकदा बघून या. तळमजल्यावर ऐंशी मुलं, दोन एसी आणि एकही खिडकी नाही, असे हॉल मी या शहरात पाहिले आहेत.

डोकं जड होण्याला इतरही कारणं असतात. मुलगा घोरतो का, दिवसभरात पाणी किती पितो, चष्म्याचा नंबर कधी तपासला, रात्री मोबाइल किती वाजता ठेवतो, हे पाहा. दार उघडं ठेवून आठवडा झाला आणि तरी डोकं दुखतंच आहे, तर त्याला डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : म्याडम, मी काटोलकडचा संत्रावाला. मागच्या पावसाळ्यात आमच्या बाजूच्या वावरात एक गडी विहिरीतली मोटार काढाले उतरला. पाच मिनिटं झाली, आवाज नाही. त्याचा चुलतभाऊ उतरला, तोही खाली बसला. तिसरा उतरून राहिला होता, त्याले आम्ही चौघांनी धरून ठेवलं. दोघं गेले. पाणी गुडघाभर होतं फक्त. गावात म्हणतात आसरांनी नेले. पोरगा म्हणते गॅस होता. वास तर काहीच नव्हता. कंदील सोडून पाहिलं असतं तर समजलं असतं का? (काटोल तालुका)

उत्तर : भाऊ, तिसऱ्याला तुम्ही धरून ठेवलंत, म्हणून तो आज घरी आहे. हे पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

तुमचा मुलगा म्हणतो ते बरोबर दिसतं. विहिरीच्या तळाशी पालापाचोळा कुजतो, तेव्हा जंतू हवेतला प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. मातीच्या फटींतूनही तो झिरपतो, आणि पावसाळ्यात हवेचा दाब उतरला की जास्तच. साध्या हवेपेक्षा तो दीडपट जड. वारा खाली पोचत नाही, झाकण किंवा वेली असल्या तर मुळीच नाही. मग तो बादलीत पाणी साचावं तसा साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. जुन्या माणसांनी आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवतांचं, नाव घेतलं त्यात मला अडाणीपणा दिसत नाही. त्यांनी माणसं उतरताना पाहिली, वर येताना पाहिली नाहीत, आणि त्या जागेचा धाक पुढच्या पिढीला राहावा म्हणून तिला एक नाव दिलं. तो धाक असू द्या. कारण मात्र आता आपल्याला ठाऊक आहे.

अंगात काय होतं ते सांगते. एखाद मिनिट श्वास रोखून बघा. जी तगमग होते ती प्राणवायू संपल्याची नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढला आणि मेंदूच्या देठातल्या केंद्रानं हाकाटी केली, त्याची असते. इंग्लंडमध्ये हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये हे दाखवून दिलं. हाल्डेन कोळशाच्या खाणींत उतरून हवा तपासणारा माणूस होता. हवेत हा वायू तीन टक्के झाला की धाप लागते. चार-पाच टक्क्यांना डोकं ठणकतं, घाम फुटतो, छाती धडधडते. सात ते दहा टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध जाते. तीस टक्क्यांना दोन-चार श्वास पुरतात, ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्यात उतरणारा माणूस दोराला लोंबकळत मेहनत करत असतो, म्हणजे श्वास खोल आणि भरभर घेत असतो. गुडघाभर पाण्यात पडलेला माणूस शुद्धीवर नसेल, तर तेवढंही पाणी बुडायला पुरतं.

कंदिलाचं विचारलंत. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं असायची, म्हणजे जमिनीखालची कोठारं. तिथेही पेव उघडल्यावर लगेच आत जात नसत, कंदील सोडून बघण्याची रीत होती. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे सोळा आणे खरं. पण कंदील जळत राहिला म्हणजे खाली धोका नाही, असं समजू नका. माणसाची शुद्ध हरपेल अशा हवेतही ज्योत कधीकधी तग धरते. कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू तिला कळतच नाही, आणि तळाशी मिथेन असेल तर तीच ज्योत भडका उडवेल.

म्हणून मी सांगते ते एवढंच धरा. मोटार वरून दोर-कप्पीनं ओढून काढता येत असेल तर कोणी उतरूच नये. उतरणं टळत नसेल तर ब्लोअरचा पाइप थेट तळापर्यंत सोडून बराच वेळ हवा मारा, आणि माणूस खाली असेपर्यंत ती बंद करू नका. फांदी वरखाली करणं, बादल्या ओतणं यानं हवा थोडी हलते, भरवसा येत नाही. उतरणाऱ्याच्या छातीभोवती, काखेतून, दोर आधी बांधायचा. हातात धरायला देऊन उपयोग नाही, शुद्ध गेली की हात सुटतो. वर दोन धट्टेकट्टे गडी दोर धरून, आणि खालच्याशी सारखं बोलत राहायचं. उत्तर आलं नाही की त्याच क्षणी ओढा. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही, तो धुळीला अडवतो, वायूला नाही. डिझेल पंप विहिरीत उतरवून चालवत असाल तर तो आणखी वेगळा घात आहे. आणि कोणी पडलाच, तर ११२ ला फोन, अग्निशमन दलाला फोन. पाठीवर हवेचा सिलिंडर असल्याशिवाय दुसऱ्यानं उतरायचं नाही, तो सख्खा भाऊ असला तरी.

आफ्रिकेत कॅमेरून देशात न्योस नावाचं तळं आहे, ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री त्याच्या तळाशी पाण्यात विरघळून राहिलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळला, काठावरून उतरून दऱ्यांमध्ये पसरला, आणि झोपेतली सतराशेहून जास्त माणसं आणि हजारो गुरं गेली. पुढे २००१ मध्ये त्या तळ्यात खोलवर पाइप सोडून वायू हळूहळू बाहेर काढायला सुरुवात झाली. तुमच्या शिवारातली विहीर त्या तळ्यापुढे थेंबाएवढी असेल, पण जड वायू खोलगट जागी साचून बसतो, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे, आयुष्यभर मागावर बसले, विडी सोडली नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार, आहे. घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, डॉक्टरांनी दोनवर ठेवायला सांगितलं होतं. ऑक्सिमीटरवर ८९ दिसायचं म्हणून शेजारच्यांच्या सांगण्यावरून मी पाचवर केलं. आता ९७ दिसतं. पण बाबा दिवसभर झोपतात, काहीबाही बोलतात, कप धरला की हात फडफडतो. सकाळी डोकं दुखतं म्हणतात. ऑक्सिजन चांगला असूनही असं का? (इतवारी)

उत्तर : हे पत्र मिळालं त्याच दुपारी मी या ताईंना फोन केला. काही दुखणी मासिकाच्या पुढच्या अंकाची वाट बघत नाहीत. बाबांना संध्याकाळी दवाखान्यात नेलं, मनगटातल्या धमनीचं रक्त तपासलं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ असायला हवा, तो ७८ निघाला. दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप यंत्राचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क लावून दोन दिवसांत ते चांगले जागे झाले. त्यांच्या परवानगीनं सांगते आहे, कारण आपल्या शहरात अशी घरं पुष्कळ आहेत.

बोटावरचा ऑक्सिमीटर फक्त प्राणवायू बघतो. कार्बन डायऑक्साइड किती साचला ते त्याला दिसत नाही. म्हणून आकडा ९७, सगळे निश्चिंत, आणि माणूस मात्र आतून गुंगीत चाललेला. वर्षानुवर्षं विडी किंवा चुलीचा धूर छातीत गेलेल्यांपैकी काहींची फुफ्फुसं हा वायू पुरता बाहेर टाकू शकत नाहीत. शरीर थोड्या वाढलेल्या पातळीशी जुळवून घेतं. अशात ऑक्सिजनचा मारा केला की फुफ्फुसाच्या निकामी भागांकडेही रक्त वळतं, रक्तानं धरलेला कार्बन डायऑक्साइड सुटा होतो, आणि श्वासाचा जोरही थोडा मंदावतो. तिन्ही मिळून पातळी चढते. मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून सकाळची डोकेदुखी. रक्त आम्ल होतं, म्हणून गुंगी, बरळणं. हात पुढे करून पंजे मागे वाकवायला सांगितले की ते पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. ही खूण विसरू नका.

माझे मामा असेच गेले. मी तेव्हा मेडिकलला शिकत होते. एका दवाखान्यात त्यांना दाखल केलं आणि धाप लागली म्हणून रात्रभर पूर्ण ऑक्सिजन लावून ठेवला. रात्री अकराला ते माझ्याशी बोलले, दोनला घोरू लागले, आणि आम्ही सगळे म्हणालो, बरं झालं, झोप लागली. मीही म्हणाले. पहाटे ते हलवूनही जागे होईनात. रक्त तपासायला कोणी सांगितलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही. पुढे छातीचे रोग हाच विषय मी घेतला, त्यामागे ती रात्र आहे.

अशा रुग्णांचा ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ च्या मधे ठेवायचा असतो. ८९ ला घाबरून बटण फिरवू नका. पण माझं वाचून कोणी यंत्रच बंद केलं, तर तेही तितकंच घातक. डॉक्टरांनी दिलेल्या आकड्यावर आणा आणि रुग्ण गुंगीत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झोपेची गोळी, कोडीनचं खोकल्याचं औषध अशांना स्वतःच्या मनानं कधीही देऊ नये.

प्रश्न : थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून कुटुंब गुदमरलं, 'कार्बन डायऑक्साइडमुळे मृत्यू' अशी बातमी वाचली. गॅस गीझरनंही असंच होतं का? (जरीपटका)

उत्तर : बातमीत नाव चुकलं असणार. शेगडी आणि गॅस गीझर यांत मारतो तो बहुधा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे जाळाला पुरेशी हवा मिळाली नाही की तयार होणारा त्याचा भाऊबंद. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि तो वाढला तरी तगमग होत नाही. कार्बन डायऑक्साइड निदान धाप लावून इशारा देतो. हा देत नाही. मोनॉक्साइडचा जीव घेण्याचा आकडाही कितीतरी लहान. जानेवारीत आपल्याकडे पारा सात-आठवर येतो, तेव्हा निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत ठेवू नका, निखारे विझत आलेले असले तरी. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडीवर तोंडाला दुपट्टा घट्ट बांधते. श्वास परत परत आत जाऊन त्रास होईल, असं आई म्हणते. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : होणार नाही. कापडाच्या विणीतून वायू सहज येतो-जातो. ४५ अंशांच्या उन्हात दुपट्टा बांधच. गुदमरल्यासारखं वाटतं ते उकाड्यामुळे.

प्रश्न : झोपायच्या खोलीत कुंड्या ठेवल्या तर रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे खरं ना? (धरमपेठ)

उत्तर : खरं, पण माझ्या ढोबळ हिशेबानं सहा कुंड्या रात्रभरात जेवढा सोडतील, तेवढा शेजारी झोपलेला नवरा दहा मिनिटांत सोडतो. कुंड्या राहू द्या. दिवसा त्या हवा शुद्ध करतील म्हणून खिडकी बंद ठेवत असाल, तर तेही करू नका. तेवढी त्यांची ताकद नाही.

प्रश्न : मी लग्नाची सजावट करतो. नवरा-नवरी स्टेजवर येताना ढग सोडायला ड्राय आइस लागतो. दहा-पंधरा किलो व्हॅनमधून नेतो, एसी लावून, काचा बंद. एकदा रस्त्यात चक्कर आली, धाप लागली, गाडी बाजूला घेतली. उन्हानं झालं असेल ना? (सदर)

उत्तर : दादा, गाडी बाजूला घेतलीत म्हणून वाचलात. मला त्यात ऊन दिसत नाही.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. तो वितळून पाणी होत नाही, सरळ वायू होतो. एका किलोतून पाचशे लिटरहून जास्त वायू निघतो. तुमच्या व्हॅनमध्ये फार तर चार-पाच हजार लिटर हवा असेल, आणि एसी आतलीच हवा फिरवत असेल. एक किलो जरी वाटेत उडाला, तरी दहा टक्के झाला. या आकड्याला काय होतं ते वर काटोलच्या भाऊंना लिहिलं आहे.

दोन्हीकडच्या काचा उघड्या ठेवून न्या, शक्यतो उघड्या टेम्पोतून, बसायच्या जागेपासून वेगळा. खोकं हवाबंद नको, फुटेल. हातमोजे घाला. हॉलमध्ये आणखी एक गोष्ट बघा. दिसतो तो पांढरा ढग पाण्याच्या वाफेचा असतो. तो विरतो, आणि वायू न दिसता जमिनीलगत राहतो. स्टेजपुढे सतरंजीवर लहान मुलं बसलेली असतात, त्यांची तोंडं नेमकी त्या उंचीवर. त्यांना आधी उठवा, दारं उघडा, मग ढग सोडा. उरलेले तुकडे कोणाच्या सरबतात टाकू देऊ नका.

प्रश्न : कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं आमचा दमा वाढतो का? (मानकापूर)

उत्तर : दम्याला त्रास देतात ते कोळशाच्या धुरातले इतर सोबती : सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, बारीक राख. कार्बन डायऑक्साइड उंच चिमणीतून निघाला की मोकळ्या हवेत मिसळून विरळ होतो, आणि तुमच्या अंगणात आकडा पाच हजारांच्या जवळपासही जात नाही. त्याचा त्रास दुसऱ्या वाटेनं येतो. यंत्रयुगाच्या आधी साऱ्या जगाच्या हवेत तो २८० होता, १९५८ मध्ये हवाई बेटावर नीट मोजायला सुरुवात झाली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या पुढे. तो पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती गार होत नाहीत, आणि उष्माघाताचे रुग्ण येतात, त्या वाटेनं तो तुमच्या-माझ्या अंगापर्यंत पोचतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. आजोबा तुमचं पान मोठ्यानं वाचतात. आपण सोडलेला हा वायू डोळ्यांनी बघता येईल का? (नंदनवन)

उत्तर : येईल, बाळा. आजोबांना पानठेल्यावरून चुना आणायला सांग. काचेच्या ग्लासभर पाण्यात चमचाभर चुना ढवळ आणि रात्रभर ठेव. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या ग्लासात ओत. ही झाली चुन्याची निवळी. आजोबांना शेजारी बसव, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. नळी निवळीत बुडवून हळूहळू फुंक. ओढायचं नाही, फक्त फुंकायचं. थोड्याच श्वासांत पाणी दुधासारखं होईल. ते तू सोडलेल्या वायूमुळे.

मग पुन्हा ताजी निवळी घे. या वेळी आधी मैदानाला दोन फेऱ्या धावत मारून ये आणि फुंक. कुठल्या खेपेला ती लवकर दुधाळ झाली, आणि दुधाळ झाल्यावरही फुंकतच राहिलास तर पुढे काय झालं, ते मला लिहून कळव. पुढच्या अंकात तुझं पत्र छापेन.